सोनेरी कार्डाचे उरलेले मैल

मित्रांनो, जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली सोनेरी तुकडा दिसतो ना, तो मी. हसू नका! मी विमानकंपनीचं जुनं कार्ड आहे आणि एके काळी माझा रुबाब काही औरच होता.

माझा जन्म यंत्रात झाला. गरम प्लास्टिकवर सोनेरी मुलामा चढला, मालकाचं नाव उमटलं आणि मी थेट त्याच्या छातीवरच्या खिशात जाऊन बसलो. मालक छापखान्यांना यंत्रं विकायचा. आज या शहरात, उद्या त्या. तो जितका उडायचा तितके मैल कंपनी माझ्या खात्यावर टाकायची. पुरेसे साठले की फुकट तिकीट. सोपं आहे ना? पण मालकाला सोपं कुठलं चालायला! तिकिटं महाग असतील तेव्हाच मैल मोडायचे, नाहीतर ते मातीमोल जातात, हे त्याचं शास्त्र. जास्त मैल पडावेत म्हणून तो सरळ यायचं सोडून दहा ठिकाणी उतरत घरी यायचा आणि सुजलेल्या डोळ्यांनी बायकोला म्हणायचा, "अक्कल लागते याला." विमानतळावर मला पाहिलं की रांगेतली माणसं बाजूला व्हायची. मी फुगून जायचो.

घरात मालकाची आई होती. तिची एकुलती एक धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहायची. भाजी निवडता निवडता दोघी रोज फोनवर बोलायच्या, पण भेट होऊन वर्षं लोटली होती. आईनं बहिणीसाठी निळा स्वेटर विणला होता. तो पाठवायचा नाही, आपल्या हातानं तिच्या अंगात घालायचा, असा तिचा हट्ट.

"तुझ्या त्या मैलांवर मला एकदा नेशील का रे?" ती विचारायची.

"नेणार ना! पण आत्ता तिकिटं स्वस्त आहेत, आई. आत्ता मैल घालवणारा खुळाच."

"मग स्वस्तातलं विकत घ्या की," बायको म्हणाली.

"मैल असताना पैसे घालू? डोकं फिरलंय का तुझं?"

तिकिटं महागली की मैलांवरच्या जागा संपलेल्या असायच्या. मग पुन्हा थांबायचं. असं करता करता मावशी अंथरुणाला खिळली. फोनवर दिसायची ती दर वेळी जास्त वाळलेली. आई स्वेटर उसवायची आणि थोडा लहान करून पुन्हा विणायची. मालक म्हणायचा, "बरं आहे, आईचा वेळ जातो." मी खिशात आणखी मैल खात होतो.

एके दिवशी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, लगेच निघा. आई सारखी 'ताई, ताई' करतेय."

मालकानं लॅपटॉप उघडला. संध्याकाळचं सरळ विमान होतं, पण त्याला मैल भारी लागत होते. वाटेत दोनदा उतरून जाणाऱ्या विमानाला निम्मेच, वर पाय पसरून झोपायची जागा. मालकाचे डोळे चमकले.

"आई, ऐन वेळचं तिकीट विकत घ्यायचं तर भाव आभाळाला भिडलेत! आपल्या मैलांचं आजच्याइतकं सोनं कधीच झालं नव्हतं."

"लवकर कुठलं पोचतं?"

"अगं, थोडाच फरक आहे. तुझे गुडघे बघ जरा."

पहिल्या मुक्कामी मला दाखवून दोघं मऊ सोफ्यांच्या खास दालनात शिरले. मालकानं थाळी गच्च भरून आणली. आई मांडीवर स्वेटर घेऊन बसली. तेवढ्यात फोन वाजला. मालकानं घास गिळला, दोनदा नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"ते सरळ विमान पोचलं असेल का रे आत्ता?"

"पोचलं असेल," मालक म्हणाला.

पुढच्या विमानात हवाईसुंदरीनं गाद्या घालून दिल्या. आई ताठ बसून राहिली. मालक मात्र झोपला. मैल मोजले होते, वाया कसे घालवणार?

मावशीच्या घरी सगळं उरकलं होतं. रिकाम्या खाटेवर आईनं स्वेटर ठेवला, बाह्या नीट दुमडल्या. भाचीनं तो उचलून पाहिला. "मावशी, हा कुणाच्या बाळाचा गं?"



घरी परतल्यावर मालक जेवताना म्हणाला, "आई, जिवाला लावून घेऊ नकोस. अजून पुष्कळ मैल उरलेत. तू म्हणशील तिथं जाऊ."

"बघू ते कार्ड." आईनं मला हातात घेतलं. टेबल डुगडुगत होतं. गुडघ्यावर हात देत ती कशीबशी वाकली आणि मला त्याच्या पायाखाली सारलं. "आता कुणाकडे जायचंय?"

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी 'मला जपा' असं विनवायची रीत आहे. मला जपू नका! मला फार जपलं, तेच नडलं. मैल अजून शाबूत आहेत. टेबल आता हलत नाही. आई रोज तिथं बसून भाजी निवडते, फोन शेजारी ठेवते आणि भाजी निवडून झाली की तो तसाच उचलून आत नेते.