कस्टममध्ये अडकलेला डावा पाय

मी एक जुना लाकडी साचा आहे. जुना म्हणालो, कुजका नाही. मित्रांनो, हा फरक आधीच लक्षात ठेवा, कारण तो न कळल्यामुळे मला जाळायचा हुकूम निघाला होता.

बूट शिवणारे कारागीर आधी पायाचा लाकडी साचा करतात आणि त्यावर चामडे ताणून बसवतात. मी एका मुलीच्या डाव्या पायाचा साचा. ती एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा हा पाय जन्मापासून आत वळलेला. दुकानातला तयार बूट घातला की घोट्याला फोड यायचे. मग आमच्या म्हाताऱ्या कारागीर आजोबांनी तिचा पाय मांडीवर घेऊन मापला आणि चार दिवस कानशीने घासून मला घडवले. येणारेजाणारे म्हणत, "आजोबा, साचा वाकडा झालाय तुमचा." आजोबा मान वर न करता म्हणत, "साचा बरोबर आहे. तुम्ही तुमचे बूट बघा." तेव्हापासून माझ्या अंगात थोडी मस्ती आहे, हे कबूल करतो.

सहा वर्षांत माझ्यावर भिंगरीचे नऊ बूट शिवले गेले. ताणलेले चामडे सुटू नये म्हणून आजोबा माझ्या तळव्याच्या कडेने बारीक खिळे ठोकत आणि बूट झाला की उपटून काढत. मी कधी कुरकुर केली नाही. भिंगरी नवा बूट घालून दुकानाबाहेर धावत सुटायची, तेव्हा माझी छाती फुगायची.

मग भिंगरीच्या बाबांना परदेशात नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे गेले. इकडे आजोबांची नजर अधू झाली. दुकान बंद करताना त्यांनी मला भिंगरीकडे पाठवायला खोक्यात घातले आणि पार्सलच्या फॉर्मवर खरे तेच लिहिले: बुटाचा साचा, लाकडी, वापरलेला.

खरे लिहिल्याचे फळ काय मिळाले, ऐका. जुन्या लाकडातून कीड देशात येते म्हणून तिकडे असे लाकूड तपासल्याशिवाय सोडत नाहीत. तिकडच्या कस्टमच्या गोदामात मी पाच महिने पडून राहिलो. चार महिने माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. भिंगरीची आई रोज फोन करायची आणि रोज तेच उत्तर मिळायचे, की तपासणी चालू आहे. कसली डोंबलाची तपासणी! माझ्या खोक्याची दोरीसुद्धा कुणी सोडली नव्हती. तिकडे भिंगरीचा शेवटचा बूट फाटला, पायाला जखम झाली आणि बाबा तिला उचलून शाळेत सोडू लागले. दहा वर्षांच्या मुलीला ते किती लागले असेल!

पाचव्या महिन्यात तपासनीस बाईंनी मला बाहेर काढले, तळव्यावर भिंग धरले आणि म्हणाल्या, "भोकंच भोकं आहेत. कीड लागलीय. जाळायला काढा." माझ्या कपाळावर लाल चिठ्ठी चिकटली. मला भीती वाटली नाही, संताप आला. सहा वर्षांच्या कामाला ही बाई कीड म्हणत होती!

नोटीस मिळाली तशी आई भिंगरीला घेऊन धावत आली.

"मॅडम, ही खिळ्यांची भोकं आहेत हो," आई म्हणाली.

"सगळे असंच काहीतरी सांगतात," बाई म्हणाल्या.

भिंगरीने फाटका बूट काढला, खुर्चीवर चढली आणि पाय सरळ बाईंच्या टेबलावर माझ्या शेजारी ठेवला. पाय आत वळलेला, मीही आत वळलेला.

"भोकं मोजा मॅडम. सगळी कडेनं, एका रांगेत आहेत. कीड रांगेत चालते का?" ती म्हणाली. "आणि कीड असली तर भुसा पडेल. आपटून बघा."

बाईंनी टेबलावर पांढरा कागद ठेवला आणि मला जोरात आपटले. पुन्हा आपटले. मित्रांनो, मी एक कणही सांडला नाही.  मग बाईंनी लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि सुटकेच्या कागदावर सही केली. चूक झाली, असे मात्र म्हणाल्या नाहीत.

भिंगरीच्या नव्या गावातल्या बूट शिवणाऱ्या काकूंनी मला भिंगरीच्या पायाला लावून पाहिले. पाच महिन्यांत तिचा पाय वाढला होता. मी नखभर आखूड पडलो. आई रडू लागली.

काकू हसल्या. "अहो, रडताय काय? आधीच्या कारागिरानं चामडं डकवून डकवून हा कितीदा वाढवलाय, हात लावून बघा. अजून एक थर सहज बसेल."

आठ दिवसांनी भिंगरी स्वतःच्या पायांनी शाळेत गेली. बाबा मागून चालत होते आणि त्यांना तिला गाठता येत नव्हते.

मित्रांनो, एखाद्याच्या अंगावर खुणा दिसल्या, तर त्या झिजण्याच्या आहेत की सडण्याच्या, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका. आणि आम्हाला खोक्यात महिनोन्महिने कोंडून ठेवू नका, कारण आमची वाट पाहणारी माणसे तेवढा वेळ थांबून राहत नाहीत, ती वाढत असतात. पुढच्या वर्षी भिंगरीचा पाय आणखी वाढेल. वाढू दे. मीही वाढेन.