दुपारची लाइट

खट्.

टेपरेकॉर्डरचं बटण वर उडालं. गाणं कधीच संपलं होतं, पण रीळ नुसतंच फिरत होतं आणि त्या फिरण्याची शांतता राजूरच्या त्या दोन खोल्यांत भरून राहिली होती. तांदूळ निवडणारी यशोधरा हात थांबवून बसली. आता काय होणार ते तिला पाठ होतं. चार वर्षांची निकिता दाराआडून धावत आली, कॅसेट बाहेर ओढली, उलटी करून पुन्हा आत ढकलली आणि दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं.

"पप्पा," तिनं जाहीर केलं आणि टेपसमोर मांडी घालून बसली.

आतून एक बारीक, भरभर पळणारा आवाज आला. दहा वर्षांचा पोरगा उतारावरून सायकल सोडून गात असावा, तसा.

*ऊन आलं, ऊन आलं, कॅरिअरवर बसून आलं...*

"त्या पट्टीला जरा इसावा दे गं बाई," आतून यशोधराची आई, भागिरथी, म्हणाली. "घासून घासून भोक पडंल तिला."

"पप्पा दमत नाहीत," निकिता म्हणाली.

यशोधरानं पुन्हा सुपात मान घातली. हा आवाज तिच्या नवऱ्याचा, सम्राटचा होता. सम्राट काही असा गात नसे. पण अडीच वर्षं रोज हाच आवाज ऐकल्यावर तो कसा गात असे, हे तिलाही आठवेनासं झालं होतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

ती कॅसेट म्हणजे 'कवडसे'ची दुसरी कॅसेट. 'कवडसे' म्हणजे कोल्हारची चार पोरं. गिटार हर्षलची, ढोलकी आणि डबे-बाटल्या चेतनच्या, गळा दीपाचा, आणि गाणी सम्राटची. त्यांची पहिली कॅसेट चौऱ्याण्णव साली निघाली. पेरू, सायकल, एस.टी.ची मागची खिडकी, परीक्षेनंतरची सुट्टी, असल्या गोष्टींची गाणी. नगरच्या एका पेपरात चार ओळी छापून आल्या होत्या, की ही गाणी ऐकताना अंगावर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटतं. सम्राट ते कात्रण पाकिटात घेऊन हिंडायचा. त्या कॅसेटमध्ये तो एक ओळही गायला नव्हता. लाजायचा. "मी लिहितो तेवढं बास," म्हणायचा.

दुसऱ्या कॅसेटच्या वेळी मात्र सगळे त्याच्या मागे लागले. तिचं नाव 'डबलसीट' ठरलं होतं. सहा गाणी दीपाची आणि चार सम्राटची. दीपाला घरून सकाळी दहाच्या आत सोडत, म्हणून तिची गाणी सकाळी झाली. सम्राट आठवडाभर नगरला नोकरीवर. तो रविवारी यायचा, जेवून दुपारी माडीवर चढायचा. जागा हर्षलच्या घरची, वरची खोली. तिन्ही बाजूंनी ऊस. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या बांधत आणि पंखा बंद ठेवत. यशोधरा तान्ही निकिता मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसे. 'ऊन आलं'मध्ये टाळ्या वाजतात त्या तिच्याच. चेतननं बळेच वाजवायला लावल्या होत्या.

गाणं झालं की लगेच ऐकून बघत. चांगलं वाटे. सगळे खाली चहाला उतरत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं, की दीपाची गाणी नीट आणि सम्राटची चारही सुसाट पळणारी. टेप बिघडली म्हणावं तर दीपाची कशी नीट? कुणालाच छडा लागला नाही. सम्राट पोट धरून हसला होता. "चला, मोठं होऊन आपण काय दिवे लावले? हेच बरंय." उसाचा हंगाम सरला की चारही गाणी पुन्हा गायची, असं ठरलं.

हंगाम सरायच्या आत, डिसेंबरात, नगरहून मोटारसायकलवर येताना रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, लाल कापडसुद्धा नव्हतं.

पुढे दीपाचं लग्न झालं, हर्षल भोसरीला कंपनीत लागला, चेतननं कपड्यांचं दुकान टाकलं. यशोधरा माहेरी राजूरला आली आणि तिथल्या शाळेत लागली. येताना तिनं 'डबलसीट'ची मूळ कॅसेट तेवढी मागून घेतली; हर्षलनं स्वतःकडे तिची नक्कल ठेवली. निकिताला बाप आठवणं शक्यच नव्हतं. जाताना तो मागे दीड वर्षाची पोर ठेवून गेला होता. म्हणून यशोधरानं तिला टेपसमोर बसवून सांगितलं, हे बघ, हे पप्पा. पोरीनं ते जसंच्या तसं धरलं. टेप सेलवर चालायची. सेल उतरले की आवाज जड व्हायला लागे आणि निकिता म्हणे, "आई, पप्पांना झोप आली." यशोधरा लगेच उठून नवे सेल घाली आणि पप्पा पुन्हा टुणकन जागे होत.

आणि आता, अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, हर्षलचं पत्र आलं होतं. ते तिनं तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. नगरची एक लहानशी कंपनी 'डबलसीट' काढायला तयार झाली होती. मालकानं कॅसेट ऐकून सांगितलं होतं, की काम आश्वासक आहे, पण एकसारखं नाही. दीपाची गाणी ठेवा, ती चार दुसऱ्या कुणाकडून तरी गाऊन घ्या, नाहीतर काढून टाका. 'वहिनी,' हर्षलनं लिहिलं होतं, 'तुम्ही म्हणाल तसंच होईल. पण ठरवायच्या आधी एकदा कोल्हारला या. रविवारीच या. या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाइट दुपारची आहे.'

ते शेवटचं वाक्य तिला काही केल्या उलगडलं नव्हतं. गाण्याला आणि शेतीच्या लाइटीला काय देणंघेणं? पण काय सांगायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं. सम्राटच्या गाण्यांत दुसऱ्याचा गळा नको. आहेत तशी पळणारी गाणी जाऊ द्या, नाहीतर कॅसेटच नको. लेक ज्याला पप्पा म्हणते, तोच आवाज लोकांनी ऐकावा.

रविवारी पहाटे ती निघाली. संगमनेरला गाडी बदलून कोल्हारला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. कॅसेट निकितानं सोडली नव्हती. ती तिच्या फ्रॉकच्या खिशात होती आणि तिच्यावर तिचा हात.

हर्षलची आई छबूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. यशोधराला बघून तिनं सूप बाजूला सारलं, पण उठली नाही. गुडघे धरले होते.

"ये गं. लई वाळलीस." मग निकिताची हनुवटी धरून म्हणाली, "हिनं तर बापाचंच नाक आनलंय. त्योबी असाच दारात उबा ऱ्हायचा. आत ये म्हनल्याबिगर यायचा न्हाई."

"माझं नाक माझंच आहे," निकिता म्हणाली.

"व्हय गं बाई, तुजंच. जीभबी बापाचीच हाय म्हनायची."

छबूबाईनं आतून चहा आणवला. यशोधरानं कप हातात घेतला आणि तिला खिडकीतला कोनाडा दिसला. पहिल्या कॅसेटच्या वर्षी सम्राटचा कप तिथं असायचा, उपडा, वेगळा. सम्राट स्वतः धुऊन तिथं ठेवायचा आणि त्यावर काही बोलायचा नाही. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी तो कप कधी तरी आतल्या कपांत जाऊन मिसळला. कुणी नेला, कुणी विचारलं नाही. आता कोनाड्यात काडेपेटी होती.

छबूबाईनं तिची नजर पाहिली. "त्या वक्ताला आमाला तेवढीच अक्कल हुती," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

हर्षल माडीवरून खाली आला. केस पातळ झाले होते, हाताला ग्रीसचा वास. "आलात. बरं झालं."

"हर्षल भाऊजी, मी जास्त वेळ नाही थांबणार," यशोधरा म्हणाली. "माझं ठरलंय. ती गाणी आहेत तशीच..."

"तीनपर्यंत थांबा. मग काय ते सांगा."

"तीनला काय आहे?"

"लाइट आहे."

माडीवर काहीच बदललं नव्हतं. तोच काळा टेप डेक, तीच वायर भिंतीवरून गेलेली. खिडक्यांना हर्षलनं पुन्हा गोधड्या बांधल्या होत्या. छताला लटकणारा बल्ब भर दुपारी चालू होता. डेकच्या शेजारी एक लहान टेपरेकॉर्डर, सेलवरचा, वायरीनं जोडून ठेवलेला.

"कंपनीत मोटारी दुरुस्त करता करता एक दिवस डोक्यात आलं," हर्षल म्हणाला. "आपण चौघंही येडे, वहिनी. दुपारी तीनला शेतीची लाइट यायची. की सगळ्या शिवारातले पंप एकदम चालू. बल्ब कसा व्हायचा आठवतंय? शेकोटीतल्या निखाऱ्यासारखा. डेकची मोटार पण तशीच मंद पडायची. त्या मंद टेपवर सम्राट गायचा. आपण लगेच ऐकायचो तेव्हाही ती मंदच, म्हणून बरोबर वाटायचं. सकाळी लाइट पुरी आली की टेप पळायची, तिच्याबरोबर तो पण. दीपा सकाळची, म्हणून ती शाबूत."

यशोधराला कळायला क्षण लागला.

"म्हणजे आता..."

"थांबा तर खरं."

ते थांबले. निकिता गोधडीवरची ठिगळं बोटानं मोजत होती. तेराच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून परत एकपासून. हर्षलनं तिच्याकडून कॅसेट मागितली. "परत देणार?" तिनं विचारलं. "देणार." "शप्पथ?" "गळ्याची शप्पथ." तिनं कॅसेट दिली आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

तीन वाजून गेले. लांब, उसाच्या पलीकडे, एक पंप घरघरला. मग दुसरा. मग कुठले कुठले. वरचा बल्ब पिवळा झाला, नारिंगी झाला, आणि आतली तार नुसती लाल दिसायला लागली. हर्षलनं बटण दाबलं.

आधी गिटार आली, सावकाश. मग टाळ्या. यशोधरानं आपले हात बघितले. इतके दिवस त्या टाळ्या एखाद्या खेळण्यातल्या माकडाच्या वाटायच्या. आता त्या तिच्या होत्या, बांगड्यांच्या किणकिणीसकट. आणि मग कुणीतरी श्वास घेतला. ओळ उचलण्याआधी, भित्रा, अर्धा श्वास.

*ऊन आलं, ऊन आलं...*

आवाज जाड होता, किंचित घोगरा, 'ऊन'वर जरासा कापणारा. मोठ्या माणसाचा. जेवून नुकताच वर आलेल्या, लाजणाऱ्या, बायकोकडे न बघता गाणाऱ्या माणसाचा.

तिला रडू आलं नाही. आधी तिला भीती वाटली. कारण पहिल्या ओळीला तिच्या मनात आलं होतं, हा कोण? अर्ध्या ओळीपुरतंच, पण आलं होतं. पाच वर्षं ज्याच्या शेजारी निजली, तो माणूस शेजारी येऊन बसला आणि तिनं त्याला परका म्हणून न्याहाळलं. मग तिला राजूरचे सेल आठवले. दर दोन-तीन आठवड्यांनी आवाज जड व्हायचा, खाली यायचा. हा, असाच, इथवर यायचा. पप्पांना झोप आली, की ती धावत जाऊन नवे सेल घालायची. दर वेळी तो उंबऱ्याशी येत होता आणि दर वेळी तिनं स्वतःच्या हातानं दार लावलं होतं.

पदर तोंडात धरून ती भिंतीला टेकली. हर्षल तिच्याकडे न बघता बल्बकडे बघत होता.

गाणं संपलं. त्यानं रीळ मागे नेलं.

"पाचपर्यंत लाइट आहे," तो हळूच म्हणाला. "तो बारका टेप सेलवर आहे, त्याला पंपांचं काही नाही. त्याच्यावर चारही उतरवून घेतो. मग ती कुठंही लावा, अशीच लागतील. मालकाला हीच ऐकवतो. त्याच्या गाण्यावर दुसऱ्याचा गळा नको, हे मला पण कळतंय. पण ती माकडउड्या मारणारी गाणी म्हणजे सम्राट नव्हे, वहिनी. तुम्ही हो म्हणा."

ठरवून आणलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. ते तिनं गिळलं.

"घ्या उतरवून," ती म्हणाली. मानेनंही सांगितलं.

हर्षलनं दोन्ही बटणं दाबली. पुन्हा गिटार, पुन्हा टाळ्या, पुन्हा तो अर्धा श्वास. यशोधरानं डोळे मिटले. आता एक थेंबही सांडायचा नव्हता.

फ्रॉकची चुणी तिच्या हाताला लागली. निकिता ठिगळं सोडून जवळ आली होती. तिनं ओठ आईच्या कानाला लावले.

"कोण काका गातायत?"

"पप्पा आहेत, निकी."

"हे नाहीत."

"हेच आहेत बाळा. खरे पप्पा हे. ऐक."

निकितानं ऐकलं. मन लावून ऐकलं, सबंध कडवं, भुवया आवळून. एकदा डेककडे पाहिलं, एकदा आईच्या ओल्या तोंडाकडे, एकदा हर्षलच्या गळ्याकडे. मग रिकाम्या खिशात हात घालून ती अगदी हळू म्हणाली,

"मग आपल्या घरचे पप्पा आता कुठं जातील?"