वीतभर रेड ऑक्साइड

नखाएवढा लाल पोपडा, कडेने वर वळलेला… रुपेशच्या अंगठ्याला तो चिकटला होता. त्याने झटकला नाही. दोन जाड लोखंडी प्लेटींमधल्या चार बोटांच्या फटीत त्याचा हात कोपरापर्यंत गेला होता आणि आत, तळाच्या सांध्यावर, पॉलिश पेपर अंदाजाने घासत होता.

प्लेटी पुरुषभर उंच, एकमेकींकडे झुकलेल्या, पण न टेकलेल्या. मे महिन्यात त्याने त्या या माळावर उभ्या केल्या, तेव्हा शिल्पकार हर्षलाताई म्हणाल्या होत्या, "रंग नको. गंज येऊ दे. निम्मं काम माझं, उरलेलं पाऊस करील." तो हो म्हणाला. त्या गेल्यावर हात आपोआप गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडच्या डब्याकडे गेला. दहिवलीच्या वर्कशॉपात बाबांनी शिकवलेलं – "उघडं लोखंड न् उघडं पोर, दोनी आजारी पडतात रं." बाहेरून त्याने काही लावलं नाही, फक्त आतल्या सांध्यावर, वीतभर.

आता ऑक्टोबर. सगळं तपकिरी झालं होतं, तेवढी वीत सोडून. लांबून कळणार नाही, रेड ऑक्साइड आणि गंज दिसायला सारखेच. पण हर्षलाताई लांबून बघत नाहीत, हात घालून बघतात. पुढची तिन्ही शिल्पं त्यालाच द्यायची, असं त्या म्हणाल्या होत्या. अट एकच, सांगितलं तेवढंच करायचं. मघाशी त्यांचा फोन आला होता, "शिळफाट्याला पोचले."

"काय रं, गंज कमी पडला काय?" राखणदार सखाराम मागून म्हणाला. "आमच्या फाटकाचा घेऊन जा, फुकाट हाय."

"तुमच्या फाटकाला कोन बघाय येतंय, काका?"

"त्येच तं. लोखंड त्येच, पन गंजलं की मालक मलाच वरडतो."

सखाराम हसत फाटकाकडे गेला. रुपेशने मोबाइलचा उजेड फटीत धरला. निम्मी वीत निघाली होती. खाली लोखंड काळंभोर, मे महिन्यातलंच – त्याच्यावरून पावसाळा गेलाच नव्हता. हे लपणार नव्हतं. निम्मं लाल, निम्मं काळं; घासलं नसतं तर निदान… काम निम्मं ताईंचं, निम्मं पावसाचं. मोजणी तिथेच पुरी होत होती. कापलं त्याने, जोडलं त्याने, उभं केलं त्याने, आणि त्यातलं त्याच्या मनाने केलेलं एवढंच – कोणी न सांगितलेलं, चुकीचं, वीतभर.

फाटक करकरलं. गाडी आत आली.

पॉलिश पेपर त्याने खिशात घातला. हात लाल भुकटीने भरला होता, तो पँटला पुसायचा राहिला… की पुसला नाही. ताईंनी विचारलं तर काय सांगायचं, हे ठरलं नव्हतं. पण त्यांनी हात घालावा आणि विचारावं, असं त्याला वाटायला लागलं होतं.