दोनदा वाजलं तर वारा

मी जुनी प्रत बोलतेय. आवाज दबल्यासारखा वाटेल, कारण मला घडी घालून ठेवलंय.

बंदराच्या कचेरीत मागच्या बाजूला एक थंडगार खोली आहे. तिथे दोन युनिक्स सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालणारे मोठे संगणक, शेजारी शेजारी उभे आहेत, थोरला आणि धाकटा. एका वेळी काम एकच करतो, दुसरा तयारीत बसतो. "आहेस ना?" "आहे." दिवसभर दोघांचं एवढंच बोलणं. काही नवराबायकोंचं याहून जास्त होत नाही, पण इथे एकाचं उत्तर आलं नाही तर दुसरा लगेच उठून त्याचं काम हातात घेतो. अशा जोडीला क्लस्टर म्हणतात.

दोघांच्याही पोटात मी राहायचे. मी एक छोटासा प्रोग्राम. वाऱ्याचा इशारा आला की तो समुद्रावरच्या प्रत्येक होडीवाल्याच्या फोनवर पोचवायचा, हे माझं काम. मला लिहिणारा माणूस घाईतला होता. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठव, हे त्याने शिकवलं, पण वाट किती पाहायची ते शिकवताना त्याचा चहा निवत असावा. समुद्रावरून पोच सावकाश येते. मला तेवढा धीर नव्हता. म्हणून माझा प्रत्येक निरोप दोनदा जायचा.

होडीवाल्यांना त्याची सवय झाली. जाळं ओढताना कोण खिसे चाचपत बसतो? "एकदा वाजलं तर बायको, दोनदा वाजलं तर वारा," असं ते म्हणायचे आणि दोनदा वाजलं की हातातलं सोडून फोन काढायचे. कचेरीत मात्र याचा कुणाला पत्ता नव्हता. तिथे माझ्या नावाने तक्रार होती, की एकच निरोप दोनदा जातो.

मग पॅच आला. पॅच म्हणजे ठिगळच, फाटलं तेवढ्यावर लावायचं. तो गप्पूताईने लावला. सर्व्हर सांभाळणारी ही मुलगी, नुकती लग्न होऊन या गावात आलेली. बोलते कमी, म्हणून कचेरीने हे नाव ठेवलं. तिनेही ते गप्प राहूनच घेतलं.

पॅच येताना रीत पाळतो. ज्याची जागा घ्यायची त्याला हाकलत नाही, घडी घालून कोपऱ्यात ठेवतो. उद्या पॅच काढावा लागला तर जुनी माणसं परत बोलावता यावीत. धाकट्यावर मी अशी निजले, थोरल्यावर माझी जुळी.

ती झोप गोड होती. स्वप्नात समुद्र यायचा, मी कधी न पाहिलेला. माझे निरोप पक्ष्यांसारखे जोडीजोडीने त्याच्यावरून जायचे. दुपारच्या डुलकीत घरातली बोलणी कानावर पडावीत तशी खोलीतली बोलणी ऐकू यायची.

एका सकाळी साहेब म्हणाले, "डिस्क भरत आल्यात. दोन्हीकडच्या जुन्या प्रती पुसून टाका."

"पॅच काढायचा झाला तर?" गप्पूताईने विचारलं.

"अहो, इतके दिवस नीट चाललाय. माहेरच्या पेट्या जपाव्यात तसं चाललंय तुमचं."

ती कामाला लागली. थोरल्यावरची जुळी पुसली गेली. मला स्वप्नात फक्त एवढं जाणवलं, की पक्षी एकेकटे उडतायत. मग ताई धाकट्याकडे वळली, पण भूक लागली होती. आधी डबा उघडला.

तेवढ्यात वाऱ्याचा इशारा आला. पॅचबरोबर माझ्या जागी आलेल्या नव्या प्रोग्रामने तो नीटनेटका, एकदाच पाठवला. ताईने खिडकीतून पाहिलं. होड्या लांब जातच होत्या. तिने सासऱ्यांना फोन लावला. त्यांचीही होडी त्यांत होती.

"बाबा, इशारा मिळाला ना?"

"कसला? एकदा वाजलं मघाशी. म्हटलं, तुझी सासू असेल. भाजी काय करू म्हणून."

"ते वाऱ्याचं होतं."

"वाऱ्याचं दोनदा वाजतं, अगं. साऱ्या बंदराला ठाऊक आहे."

ताईच्या हातातला घास तसाच राहिला. "आता नाही वाजत, बाबा. मीच बंद केलं."

"मग चालू कर. मी वळतो, पण पुढे गेलेत त्यांना माझी हाक पोचायची नाही."

तिने तोच निरोप हाताने पुन्हा पाठवला. त्या नव्या प्रोग्रामने तो गिळला. दुसऱ्यांदा आलेलं गिळायचं, हेच तर त्याला शिकवलेलं. साहेब धावत आले.

"थोरल्यावरचा पॅच काढा."

"नाही निघणार. जुनी प्रत सकाळी पुसली."

"कुणी सांगितलं पुसा म्हणून?"

ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"धाकट्यावर आहे," ती म्हणाली. "जेवायला बसले म्हणून राहिली."

मग कुणीतरी हलकेच माझी घडी मोडली. नवा बाजूला झाला, भांडला नाही. मी माझ्या जागेवर बसले तर ती अजून ओळखीची होती. थोरल्याने हातातलं काम खाली ठेवलं, धाकट्याने उचललं. समोर इशारा होता. मी पाठवला. नेहमीसारखाच धीर निघाला नाही, पुन्हा पाठवला.

ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथे काय दिसलं ते मला दिसलं नाही. तिने श्वास सोडलेला मात्र ऐकू आला. मागून बाबांचा फोन आला, "वळले गं सगळे. आता जेव."

आता नवा पॅच आलाय. तो मुद्दाम दोनदा पाठवतो, मध्ये अगदी माझ्याइतकंच थांबून. माझं अडखळणं आता नियम झालंय. मी पुन्हा कोपऱ्यात निजलेय आणि स्वप्नातले पक्षी पुन्हा जोडीने उडतात. ताईने मला पुसलेलं नाही, साहेब विषय काढत नाहीत.

कधीतरी डिस्क भरेलच. पुसायचं तर पुसा, माझी तक्रार नाही. पण त्याआधी खिडकीतून पलीकडे पाहा आणि त्या होडीवाल्यांना विचारा. एकदा विचारून लक्ष गेलं नाही, तर दोनदा.