हौशीचा लांबलेला धवला

हौशी लग्नात धवले गायची. तिच्याशिवाय शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर लग्न लागत नसे, आणि निरोपाचा धवला संपल्याशिवाय नवरी मांडवाबाहेर पाऊल टाकत नसे. रीतच तशी. मधेच कोणी धवला तोडला तर अपशकुन, मग तो नवऱ्याचा बाप का असेना.

लेक पारू दुडदुडत होती तेव्हाच हौशीचे डोळे गेले. भगत झाले, पाल्याचे रस पिळून झाले, कोंबडे कापून झाले. कोंबडे गेले, डोळे काही आले नाहीत. पुढे पारूचं लग्न ठरलं आणि हौशीने हट्टच धरला. पोरीला नवरी झालेली एकदा बघायची, मग डोळे राहोत नाहीतर जावोत.

साठ सालच्या फाल्गुनात सापगावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. डॉक्टरची जीप नदीत रुतली, मोतीबिंदू काढायला उशीर झाला, आणि पट्टी सुटायची ती नेमकी लग्नाच्या दिवशी संध्याकाळी. व्याही राघो मुरबाडकडचा. स्वतःच्या बैलाशीही भांडेल असा माणूस. "तीथ म्हंजे तीथ," म्हणाला. "लगीन लागला का आमी निंगलो."

हौशीला हलवायचं नव्हतं, म्हणून मांडवच शाळेच्या अंगणात घातला. ती ओटीवर उताणी.

"मान हलवायची नाही," डॉक्टरने बजावलं.

"न् गला?"

"गळ्याचं मी काय करू?" डॉक्टर घाईत होता. हौशीने ती परवानगी धरली.

सकाळी लग्न लागलं. राघोने गाड्या जुंपल्या आणि हौशीने निरोपाचा धवला उचलला. पारूची वेणी गायली, बांगड्या गायल्या, जोडवी गायली. मग पूर्वज घेतले, एकेक करून. मग नद्या, झाडं, मांडवाचे खांब, राघोचे बैल. बैलांना नावं नव्हती, ती हिने ठेवली.

"विहीनबाय, आटपा आता," राघो दुपारी म्हणाला. उत्तर द्यायचं तर गाणं तुटणार, म्हणून हौशीने ते दिलं नाही. राघोने बैल सोडले. उन्हं कलली तेव्हा ती गात गात डॉक्टरच्या कात्रीपर्यंत आली होती. नवरी मांडवातच पेंगत होती.

अखेर डॉक्टर आला, पट्टी सोडली. शेवटच्या कडव्याआधी दम घ्यायला रीतीची मुभा होती, तेवढ्यात हौशीने डोळे उघडले.

"दिसतंय?"

"पिवला काय तरी हाय."

"ती तुमची मुलगी. हळदीची."

पारू जवळ आली. पिवळं मोठं झालं, पण त्याची पारू काही झाली नाही.

"तोंड नाय दिसत."

"चष्मा लागेल. महिन्याने देऊ, मग स्पष्ट दिसेल. तोवर रडायचं मात्र नाही. जखम ओली आहे."

महिना ऐकून राघो उभाच राहिला. "म्हैनाभर गानार काय गो ही?"

हौशीने दिवसभर धवला ताणला तो पोरीचं तोंड बघायला. पण परक्याची गाडी महिनाभर अडवता येत नाही, हे तिलाही कळत होतं. तिने शेवटचं कडवं घेतलं. घसा बसलेला, तरी एक शब्द खाली पडू दिला नाही. पारू रडली, बायका रडल्या, राघोनेही मुंडाशाने डोळे पुसले. ते पिवळं मांडवातून निघालं, गाडीत चढलं आणि लांब जाऊन दिसेनासं झालं.

"डाक्तर," हौशीने विचारलं, "आता रडू काय?"

"सांगितलं ना, महिनाभर नाही."

"बरा," हौशी म्हणाली. "म्हैना झाला की सांगा मना."