अण्णांचं ‘होतंय की’

उद्यमनगरात जाऊन मल्लिकार्जुन अण्णांचं वर्कशॉप कुठं, असं विचारलं तर लोक आधी हसायचे. मग म्हणायचे, “होतंय-की अण्णा व्हय? जावा की सरळ, पावणं. मोठ्यानं बोलणं ऐकू आलं की थांबा.”

हे नाव त्यांना उगीच पडलेलं नव्हतं. गुऱ्हाळाच्या चरकाचा मोडका दात आणा, पिठाच्या गिरणीचा झिजलेला शाफ्ट आणा, एकदा तर एकानं देवळातल्या घंटेचा लोळा आणला होता. अण्णा ती वस्तू हातात घ्यायचे, उजेडात फिरवायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, “होतंय की.” कसं होतंय, कधी होतंय, ते पुढचं पुढं. आणि नवल म्हणजे बहुतेक वेळा व्हायचंच. सातवी शिकलेला माणूस, मामाच्या फौंड्रीत वाळू चाळण्यापासून सुरुवात, आणि पन्नाशीला स्वतःची तीन लेथ मशिनं. त्या दोन शब्दांवर त्यांनी घर बांधलं होतं म्हणा ना. दिलेली तारीख तेवढी पाळली जायची नाही. पण तारीख पाळणारा माणूस उद्यमनगरात तेव्हा कोण होता?

अण्णांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते कुणी विचारायची वाट बघत बसायचे नाहीत. मोबाइल म्हणजे आपल्या पैशानं खिशात बाळगलेला मालक. कॉम्प्युटर म्हणजे लाईट असली तर शहाणा. पदवी म्हणजे लग्नपत्रिकेत नावाखाली छापायची ओळ. शिक्षणाबद्दल मात्र त्यांची दोन मतं होती. दुसऱ्यांच्या पोरांनी हातात पाना धरावा, हे एक; आणि आपल्या पोरीनं कधी धरू नये, हे दुसरं. ही दोन्ही मतं ते एकाच चहात मांडायचे आणि त्यात काही अडतंय असं त्यांना वाटायचं नाही.

पोरगी एकुलती एक, सौंदर्या. मेकॅनिकलची इंजिनीअर झाली आणि त्या काळात सगळेच जायचे तशी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. अण्णांनी उद्यमनगरभर पेढे वाटले. ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याही टेबलावर पुडा ठेवून आले.

त्याच सुमारास त्यांनी एक सीएनसी मशीन घेतलं. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ. आकडे भरायचे, बटण दाबायचं, ते आपलं आपण लोखंड कापतंय. विकणाऱ्यानं विचारलंही होतं, चालवायला माणूस आहे का? अण्णा काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच. ठेवलेला माणूस दोन महिन्यांत जास्त पगारावर निघून गेला. जुना लेथवाला ज्ञानू त्याच्या जवळ जायला तयार नव्हता. “अण्णा, हाताला लोखंड कळायला पायजे. काचंच्या आड काय कळतंय?” म्हणायचा. मग त्या मशीनवर प्लास्टिकचा कागद चढला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसायचं आणि अण्णा मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत बोलायचे. आतून त्यांना त्याची फार लाज वाटायची.

दोन हजार चारच्या खंडेनवमीला नेहमीसारखी मशिनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. प्रत्येकानं आपापलं हत्यार पुजेत मांडलं. सीएनसीलाही कागदावरूनच माळ घातली. अण्णांची बायको बसव्वा ओवाळता ओवाळता म्हणाली, “पुजायला घरात देव हायेत की. ह्येला तेवढं कामाला लावा.”

सौंदर्या पुण्याहून आलेली होती. तिनं माळ काढून बाजूला ठेवली, कागद ओढला आणि म्हणाली, “अण्णा, मी पुण्याला परत जात न्हाय. हे मशीन मी चालवतो.”

कोल्हापूरच्या पोरी ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. पुण्यात तिला मैत्रिणी हसायच्या, पण वर्षभरात तिनं ते सोडलं नव्हतं.

अण्णांना वाटलं, चेष्टा आहे. मग तिचं तोंड बघितलं. “पेढं खाल्ल्यात लोकांनी माझं,” एवढंच त्यांना पहिल्यांदा सुचलं.

“तिथं मी काय करतो ठावं हाय का तुम्हाला? अमेरिकेतल्या कुठल्या विम्याच्या कंपनीचा हिशोब जुळवतो. चार वर्षं लोखंड शिकलो आणि लोखंडाला हात लावून वर्ष झालं.”

“एसीत बसतीस. खुर्ची फिरती हाय. आणि हितं ग्रीसमध्ये हात घालणार? शिकून सवरून वाटोळं करून घ्यायचं हाय काय?”

दोघंही एकाच मातीचे, आवाज चढत गेले. शेवटी बसव्वानं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि निवाडा केला. पोरीची रजा दिवाळीपर्यंत आहे. दिवाळीच्या आत ह्या मशीनमधून गिऱ्हाईक पास करील असा एक जॉब, म्हणजे एक तरी घडीव भाग, निघाला तर तिनं राहायचं. नाही निघाला तर मुकाट पुण्याला जायचं. अण्णा लगेच कबूल झाले, कारण त्यांची खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा ते मनात ‘होत न्हाय’ म्हणाले, आणि त्यात त्यांना बरं वाटलं.

दसरा झाला आणि गणपतराव आले. एका पंपाच्या कारखान्याची खरेदी ते बघायचे. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. अण्णांच्या अर्ध्या चुलीखाली त्यांचं सरपण. त्यांनी टेबलावर एका शाफ्टचं ड्रॉइंग पसरलं. “माप कडक आहे अण्णा. केसाच्या दहाव्या हिश्शाचीसुद्धा चूक चालायची नाही. तुमच्या नव्या मशीनवर होतंय का?”

“होतंय की,” अण्णा म्हणाले. विचार करून म्हणाले असं नाही. जांभई यावी तसं ते आलं.

सौंदर्या मागं उभी होती. तिनं ड्रॉइंग उचललं, नीट वाचलं आणि म्हणाली, “काका, आज होत न्हाय. मला ह्या मशीनवर अजून एवढं येत न्हाय. दिवाळीपर्यंत नमुना करून बघतो. जमला तर घेऊन येतो, न्हाय जमला तरी येऊन सांगतो.”

वर्कशॉपमध्ये ज्ञानूनंसुद्धा लेथ बंद केलं. गणपतरावांनी तिच्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, ड्रॉइंग तिथंच ठेवलं आणि चहा न घेता गेले.

मग अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुटला. “बावीस वर्षांचा माणूस घालवलास. धंद्यात न्हाय म्हणायचं नसतंय. तोंडानं व्हय म्हणायचं आणि हातानं निस्तरायचं, हा धंदा. कॉलेजात काय शिकिवलं तुला, गिऱ्हाईक हाकलायला?”

“न्हाय येत ते न्हाय येत म्हणालो,” सौंदर्या म्हणाली. “त्यात काय चुकलं सांगा.”

चुकलं होतं हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. नेमकं काय, ते त्यांना सांगता आलं नाही, त्यामुळं ते आणखी चिडले.

तिनं मात्र दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. ज्ञानूची जुनी टोपी घालून वेणी आत कोंबायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक ती वाचायची, अडलं की मशीनच्या कंपनीला फोन लावायची, आणि फोनवरचा माणूस भराभर बोलला की “सावकाश सांगा, मला कळलं नाही,” असं बिनदिक्कत म्हणायची. ज्ञानूला विचारायची, “मामा, हत्यार लोखंडाला लागताना आवाज असा का येतोय?” ज्ञानू आधी फुगून बसला, मग हळूहळू काचेजवळ येऊन कान लावायला लागला. अण्णा आपल्या लेथच्या आडून हे सगळं चोरून बघायचे. विचारायला लाज न वाटणारं माणूस त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. ते स्वतः मामाच्या फौंड्रीत जे शिकले ते सगळं चोरून बघून. विचारलं की मामा पाठीत घालायचा.

जॉब बिघडत होते. सकाळी पहिला शाफ्ट निघायचा तो मापाच्या अगदी उंबऱ्यावर, आणि दुपारपर्यंत मशीन तापलं की मापं आणखी सरकायला लागायची. उद्यमनगराची रीत अशी, की बिघडलेला जॉब पटकन लोखंडाच्या बुराद्यात खोल गाडायचा, कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. घरातली भांडणं जशी, तसं हे. सौंदर्या मात्र तिचा बिघडलेला शाफ्ट फडक्यात गुंडाळायची आणि संध्याकाळी स्कूटीवर टाकून कुठंतरी न्यायची. गुपचूप भंगारात घालत असेल, असं अण्णांना वाटायचं. पोरीची अब्रू म्हणून त्यांनी विचारलं नाही.

दिवाळी जवळ आली तसं अण्णांचं काहीतरी बिनसलं. संध्याकाळी ती माप बघायला मायक्रोमीटर लावायची तेव्हा ते हातातलं काम सोडून उभे राहायचे. तिनं नकाराची मान हलवली की ते उगीच आपल्या लेथला तेल घालायला वळायचे. पैज त्यांचीच होती आणि ती आपण हरावी असं त्यांना वाटायला लागलं होतं. घरी बसव्वाला ते म्हणाले, “कार्टी वाकत न्हाय गं. माझ्यावर गेली.” बसव्वा म्हणाली, “तुमच्यावर कशी? ती खरं बोलती.”

पाडवा आला, गेला. एकही शाफ्ट मापात बसला नाही. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळची पुण्याची गाडी होती. पोरीनं तक्रार केली नाही. शब्द दिला होता, बॅग भरायला घेतली.

अण्णांना घरात बसवेना. फराळाचा डबा घेतला आणि थेट गणपतरावांच्या घरी गेले. मनात ठरवलं होतं, पाय धरू पण ऑर्डर मागू. एकदा ऑर्डर हातात आली की बसव्वाचा निवाडा वाकवता येईल, आणि पुढचं होतंय की.

गणपतरावांनी बसवून घेतलं. त्यांच्या बैठकीत खिडकीच्या फळीवर शाफ्ट ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर एक चिकटपट्टी, आणि पट्टीवर सौंदर्याचं अक्षर: इथं बिघडला, दुपारी बिघडला, हत्यार चुकीचं लावलं, माझी चूक.

“हे हितं कसं?” अण्णांनी विचारलं.

“रोज संध्याकाळी आणून देत होती. म्हणायची, काका, आज पण जमला नाही, बघून ठेवा. आमच्या कारखान्यातल्या माणसांना मी ते दाखवायचो. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून काल घरी आणले.” गणपतरावांनी खुर्ची जवळ ओढली. “अण्णा, रागवायचं नाही. बावीस वर्षं तुम्ही मला होतंय की म्हणताय, आणि बावीस वर्षं मी तुमच्या तारखेत आठ दिवस घालून वर सांगतोय. तुमच्या कामाला कधी नाव ठेवलं नाही, ठेवणार पण नाही. पण ह्या पोरीच्या बोलण्यात मला काही घालावं लागत नाही, काही काढावं लागत नाही. तिच्यासाठी ऑर्डर थांबवून ठेवली होती. काल म्हणाली, काका, मी जातो आता पुण्याला, शब्द दिलाय. मग मी काय करू? दुसरीकडं देतो.”

अण्णांच्या जिभेवर ते दोन शब्द आले होते. नेहमीचे, झिजून गुळगुळीत झालेले. समोर ते सगळे शाफ्ट, आणि प्रत्येकावर पोरीनं स्वतःची चूक चिकटवलेली. अण्णांना ते शब्द उच्चारता आले नाहीत. त्यांना पोरीचा फार अभिमान वाटला, आणि त्याबरोबरच स्वतःची थोडी कीवही आली. फराळाचा डबा ठेवून ते उठले. “ऑर्डर उद्या सकाळपर्यंत कुणाला देऊ नका,” एवढंच म्हणाले.

घरी आले तर बॅग दारात आणि बसव्वा वरच्या कप्प्यात चिवड्याची पिशवी कोंबत होती. सौंदर्या खाली बसून चपलेचा बंद शिवत होती.

“गणपतरावांकडं गेलतो,” अण्णा म्हणाले.

तिनं वर बघितलं. “चिडला असाल. मी तुम्हाला सांगितलं न्हाय.”

“न्हाय चिडलो.” अण्णा पाटावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सौंदू, त्या मशीनचं मला काय बी कळत न्हाय. घेतलं तवा पण कळत नव्हतं. वर्षभर त्याच्याकडं बघायचं मला भ्या वाटतंय. आणि मी लोकांना सांगत फिरतोय होतंय, होतंय.” बसव्वाचा हात पिशवीतच राहिला. “होत न्हाय बघ. माझ्यानं होत न्हाय. तू गेलीस तर त्यावर परत कागदच टाकावा लागंल.”

कोल्हापुरातल्या कुणीही, अगदी बसव्वानंसुद्धा, त्या माणसाच्या तोंडून हे ऐकलेलं नव्हतं.

“आणि अव्वाचा निवाडा?” आईकडं बघत सौंदर्या म्हणाली. “जॉब पास झाला न्हाय.”

“जॉब झाला न्हाय, पण माणूस पास झाला,” बसव्वा म्हणाली आणि चिवड्याची पिशवी बाहेर काढून परत फडताळात ठेवायला निघून गेली.

सौंदर्यानं सुई बंदात टोचून ठेवली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज बापाचाच होता, ठणठणीत.

“होतंय की, अण्णा,” ती म्हणाली. “पण संक्रांत उजाडंल. त्याच्या आधीची तारीख कुणाला देऊ नका.”