नेपरव्हिलच्या गॅरेजमधला रोमन ठोकळा

विश्वास कुणावर ठेवाल हो तुम्ही, इंजिनिअरच्या पदवीवर की चाळीस वर्षं सिमेंट विकलेल्या दुकानदारावर? घाई करू नका, आधी ऐका. मी काँक्रीटचा एक ठोकळा बोलतोय. जन्म अमेरिकेतल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा, ऑक्टोबर २००५चा. पण कृती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमची. एक भाग चुना, तीन भाग ज्वालामुखीची राख आणि खडी.

मला घडवलं आठवीतल्या नेत्राने, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. शेजारी साध्या सिमेंटचा माझा भाऊ. रोमन लोकांनी समुद्रात बांधलेले धक्के अजून उभे आहेत, असं ती वाचून दाखवायची. मला मान नाही, तरी ती ताठ व्हायची.

मदतीला आजोबा. पुरुषोत्तमराव, सातवी पास, बार्शीला सिमेंटचं दुकान, मुलाकडे सहा महिने आलेले. पाणी पाजल्याशिवाय काँक्रीटला ताकद येत नाही, म्हणून ते गॅरेजमध्ये आम्हाला रोज तांब्याने पाणी घालायचे. बार्शीत ते बरोबरच होतं. इथे जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या पोटातल्या पाण्याचा बर्फ झाला आणि मी उभा चिरलो. भाऊ लवकर घट्ट झालेला, तो वाचला. मी सावकाश मुरणारा. गोष्टी दोन हजार वर्षांच्या, आणि तीन महिन्यांत दोन तुकडे.

नेत्रा रडवेली झाली. प्रदर्शन शनिवारी. तिचे बाबा शैलेंद्र, शिकलेले इंजिनिअर. ते म्हणाले, सिमेंटचाच नवा ठोकळा ओतू, वरून राख चोळू, कोण बघतंय.

"डॅड, दॅट्स चीटिंग."

"बाबा, तुम्ही सांगा हिला. धंद्यात असं थोडंफार चालतंच ना?" शैलेंद्र आजोबांकडे वळले.

पुरुषोत्तमरावांनी तांब्या खाली ठेवला.

"चालतं. मी एकदा चालवलंय. पावसात भिजून गोळे झालेलं सिमेंट चाळून चांगलं म्हणून विकलं. त्या सिमेंटची शाळेची भिंत सहा महिन्यांत पडली. रविवार होता, म्हणून पोरं वाचली. तू त्याच शाळेत होतास, शैलू."

सिमेंट आणायला उचललेली गाडीची किल्ली शैलेंद्रांनी परत खुंटीला अडकवली. ती भिंत त्यांना आठवत होती. वादळाने पडली, असंच घरात सांगितलं होतं. मी नुकताच फुटलेलो, पण माझंही स्वतःकडे लक्ष राहिलं नाही.

आजोबांनीच वही पुढे सरकवली. "लिही. रोमन ठोकळा फुटला. कडाक्याच्या थंडीत पाणी आजोबांनी घातलं. चूक त्यांची, चुन्याची नाही."

नेत्राने तसंच लिहिलं. आज मी प्रदर्शनाच्या टेबलावर आहे, दोन तुकड्यांत, शेजारी ती वही. लोक आधी हसतात, मग वाचतात.

तुम्हीही काहीतरी बांधत असालच. काय घातलं, किती घातलं, कुठे चुकलं, त्याचा हिशेब तेवढा खरा लिहा. भिंतीपलीकडे कुणाची तरी पोरं असतात.